प्रसाधनांच्या जाहिराती व शब्दशक्ति

मराठींत आज सर्वांत अधिक वाचलें जाणारें गद्य कोणतें, असा प्रश्न केला असतां आमच्यासारख्या अध्यापकाकडून एखाद्या कादंबरीचें किंवा वृत्तपत्राचें नांव येईल, अशी विचारणाराची अपेक्षा असते. वस्तुस्थिति निराळी आहे. कल्याणहून सकाळच्या लोकलनें ठाण्यास येणारा मनुष्य पुस्तक उघडो वा न उघडो, स्थानकाच्या पुलावरील, डब्याच्या भिंतीवरील आणि हातांतल्या मोबाईलच्या पडद्यावरील जाहिराती त्याच्या दृष्टीखालून गेल्यावांचून राहत नाहींत. त्यांतही साबण, तेल, क्रीम इत्यादि प्रसाधनांच्या जाहिरातींचा भरणा मोठा. जें गद्य इतक्या लोकांच्या नित्य वाचनांत आहे, त्याची समीक्षा मात्र क्वचित् होते. तें बाजारी आहे, म्हणून समीक्षेस अपात्र, असा एक समज आहे. आमचें मत उलट आहे. ज्या लेखनाच्या प्रभावानें माणसें आरशांत पाहण्याची रीत बदलतात, तें बरें असो वा वाईट, त्याची परीक्षा झालीच पाहिजे.

इंग्रजी वाङ्मयांत अशी परीक्षा फार पूर्वीं झाली आहे. डॉ. जॉन्सननें १७५९ सालीं आपल्या ‘आयड्लर’ या निबंधमालेंतील एक संपूर्ण निबंध जाहिरातींस वाहिला. भलें मोठें आश्वासन हाच जाहिरातीचा प्राण होय, असें त्याचें निदान होतें. त्यानें घेतलेल्या उदाहरणांत एक सौंदर्यवर्धक द्रव आहे. पुटकुळ्या घालविण्याचें व त्वचा नितळ करण्याचें श्रेय त्याचा विक्रेता बेलाशक घेतो. परंतु पन्नाशीच्या स्त्रीला पंधराव्या वर्षाचा टवटवीतपणा आपण परत देऊं शकत नाहीं, हेंही तो कबूल करतो. या विनयाची जॉन्सननें मोठी मौज केली आहे. आमच्याकडील एका साबणाच्या जाहिरातींनीं तेवढा विनयही शिल्लक ठेविला नाहीं. ‘संतूर’ची ती गोष्ट वाचकांस परिचितच असेल : कोणी गृहस्थ एका स्त्रीस महाविद्यालयीन तरुणी समजतो, आणि इतक्यांत एक लहान मुलगी ‘मम्मी’ म्हणून धांवत येऊन तिला बिलगते. यांत असत्य विधान कोणतें ? साबणानें वय कमी होतें असें तेथें कोणी म्हटलेलें नाहीं. पाहणाराचा गैरसमज झाला, इतकेंच दाखविलें आहे. तथापि आईपण दिसून येणें ही कांहीं उणीव आहे आणि तें लपणें ही कमाई आहे, हा अर्थ घरोघरच्या आयांच्या मनांत पोंचला तो पोंचलाच.

हा अर्थ आला कोठून ? आमच्या साहित्यशास्त्रापाशीं याचें उत्तर आहे. मम्मटादि आचार्यांनीं शब्दाच्या तीन शक्ति सांगितल्या : अभिधा, लक्षणा व व्यंजना. ‘गंगेवर गवळीवाडा’ हें त्यांचें नेहमींचें उदाहरण. प्रवाहावर वाडा वसत नाहीं, म्हणून ‘गंगेवर’ याचा अर्थ ‘गंगेच्या तीरावर’ असा घ्यावा लागतो, ही लक्षणा. परंतु बोलणारानें सरळ ‘तीरावर’ असें न म्हणतां ‘गंगेवर’ म्हटलें, तें त्या जागेचें शैत्य व पावित्र्य ऐकणाराच्या मनांत उतरावें म्हणून, ही व्यंजना. शैत्य व पावित्र्य हे शब्द वाक्यांत कोठेंही नाहींत. तो अर्थ ऐकणाराच्या मनांत उगवतो, आणि म्हणूनच तो त्याला स्वतःचा वाटतो. हें सामर्थ्य कवीला जितकें उपयोगी, तितकेंच दुकानदारालाही उपयोगी आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, प्रसाधनांची जाहिरात पुष्कळदां अभिधेनें कांहींच खोटें बोलत नाहीं. तिचा खरा व्यवहार व्यंजनेनें चालतो. कायदा अभिधेस पकडतो. व्यंजनेस पकडणें हें वाचकाचें व समीक्षकाचें काम आहे, आणि तें दुसऱ्या कोणाकडून होण्याजोगें नाहीं.

या दृष्टीनें एका सुप्रसिद्ध क्रीमचा इतिहास पाहण्यासारखा आहे. हिंदुस्थान लीव्हर कंपनीनें १९७५ सालीं ‘फेअर अँड लव्हली’ बाजारांत आणलें. या नांवांत दोन विशेषणें आणि एक उभयान्वयी अव्यय आहे. अभिधेनें त्याचा अर्थ ‘गोरी आणि सुंदर’ इतकाच. व्यंजनेनें तो ‘आणि’ नसून ‘म्हणून’ आहे : गोरी, म्हणून सुंदर. पुढील कित्येक वर्षांच्या जाहिराती म्हणजे या एका अव्ययावरील भाष्य होय. एका जाहिरातींत, आपल्याला मुलगा असता तर बरें झालें असतें, असा खेद करणारा बाप दाखविला होता. त्याची सांवळी मुलगी क्रीम लावते, तिचा वर्ण उजळतो, ती हवाई सुंदरी होते आणि घरचें दैन्य फिटतें. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेनें अशा जाहिरातींविरुद्ध आवाज उठविला, आणि २००३ सालीं त्या मागें घेतल्या गेल्या. २०१४ सालीं भारतीय जाहिरात मानक परिषदेनें नियम घालून दिले कीं, सांवळ्या वर्णाची व्यक्ति दुःखी, अनाकर्षक, किंवा लग्नांत व नोकरींत मागें पडलेली अशी दाखवूं नये. वेष्टनावर शेजारी शेजारी छापलेले दोन चेहरे आणि आपला वर्ण कोणत्या छटेचा हें ताडून पाहण्याची पट्टी, हीं २०१९ सालीं काढण्यांत आलीं. अखेर २०२० च्या जूनमध्यें कंपनीनें नांवांतील ‘फेअर’ हा शब्द सोडण्याचें जाहीर केलें, आणि जुलैमध्यें ‘ग्लो अँड लव्हली’ हें नवें नांव प्रसिद्ध झालें.

या प्रत्येक पायरीचें श्रेय ज्यांनीं झगडून तें घडविलें त्यांस दिलेंच पाहिजे. विशेषतः ती पट्टी गेली हें उत्तम झालें. कारण शाळकरी मुलीनें आपला गाल एका कागदाच्या तुकड्याशीं ताडून पाहावा आणि आपण कितव्या पायरीवर आहों हें ठरवावें, याहून केविलवाणें दृश्य आम्हांस आठवत नाहीं. परंतु नांवाकडे वाङ्मयीन दृष्टीनें पाहतां काय दिसतें ? ‘फेअर’ गेला, ‘ग्लो’ आला. ‘आणि’ होता तेथेंच राहिला. चाळीस वर्षांहून अधिक काळ एका शब्दानें जी व्यंजना जनमनांत मुरविली, ती त्याच्या वारसास आयतीच मिळाली. मराठी जाहिरातींतही गोऱ्या रंगाऐवजीं ‘तेज’, ‘उजळपणा’, ‘निखार’ अशा शब्दांची आतां चलती आहे. यांतील ‘निखार’ तर हिंदींतून जसाच्या तसा उचललेला. मराठी मनुष्यास ‘निखारा’ म्हणजे पेटता कोळसा ठाऊक! पण ‘उजळ’ शब्दाची गोष्ट अधिक गंभीर आहे. आमच्या भाषेंत निष्कलंक मनुष्य उजळ माथ्यानें वावरतो आणि बदनाम मनुष्य तोंड काळें करतो. म्हणजे वर्णाची प्रतवारी आणि नीतीची प्रतवारी यांची गांठ आमच्या वाक्प्रचारांनीं आधींच मारून ठेविली होती. जाहिरातकारास ती सोडवावी लागली नाहीं कीं नव्यानें मारावीही लागली नाहीं. त्यानें तिच्यावर किंमतीची चिठ्ठी तेवढी लाविली.

कायदा आणि व्यंजना यांच्यांतील हें अंतर समजण्यास आमच्या डोंबिवलींतीलच एक उदाहरण घेतां येईल. तेथील विको नाका सर्वांस माहीत आहे. केशव विष्णु पेंढरकर यांनीं १९५२ सालीं स्थापिलेल्या विको कंपनीच्या कारखान्यावरून तें नांव रूढ झालें. या कंपनीच्या हळदीच्या क्रीमचें गाणें चित्रपटगृहांतून व दूरदर्शनवरून एका अख्ख्या पिढीस पाठ झालें आहे. हें प्रसाधन नव्हे, असें तें गाणें ठांसून सांगत असे. गाण्यांतील हें वाक्य पुढें न्यायालयांतला वादविषय व्हावें, हा योगायोग मौजेचा आहे. औषधावर अबकारी कर कमी, प्रसाधनावर अधिक. तेव्हां हें क्रीम आयुर्वेदिक औषध कीं प्रसाधन, यावर सरकारी खातें व कंपनी यांच्यामध्यें १९७८ पासून वाद चालला, आणि डिसेंबर २००४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें कंपनीच्या बाजूनें निकाल दिला. हा निर्णय चूक आहे असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. न्यायालयापुढें प्रश्न कराचा होता, आणि तो सुटला. परंतु तीच वस्तु विकत घेणाऱ्या मुलीपुढील प्रश्न निराळा असतो. जाहिरातींतील लग्नघर आणि हळद लागलेली नवरी पाहून ती क्रीम घेते, तेव्हां ती औषध घेते कीं नवरीपण घेते ? आणि औषधच घेत असेल, तर रोग कोणता ? औषध म्हटलें कीं रोग गृहीत धरावा लागतो. तो रोग म्हणजे तिचा स्वतःचा चेहरा, हें कोणीही न सांगतां तिनें समजून घेतलेलें असतें. याचा निवाडा कोणत्याही न्यायासनापुढें होत नाहीं.

यावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो, आणि तो खोटा नाहीं. गोऱ्या रंगाचें वेड जाहिरातींनीं निर्माण केलें काय ? ज्या काळीं अशीं क्रीमें नव्हतीं त्या काळींही मुलगी पाहावयास आलेली मंडळी तिचा रंग पाहतच होती. गोरीपान, निमगोरी, गव्हाळ, सांवळी, काळीसांवळी अशी बारीक श्रेणी मराठी भाषेनें लावून ठेविली आहे, आणि वधूवरांच्या जाहिरातींत तिचा उपयोगही यथेच्छ झाला आहे. ज्या समाजाचें लाडकें दैवत सांवळें, त्यानें सून मात्र गोरी शोधावी, ही विसंगति जुनीच आहे. १९१९ सालीं मुंबईच्या पाटणवाला यांनीं ‘अफगाण स्नो’ काढलें. १९४१ सालीं लीला चिटणीस या ‘लक्स’ साबणाच्या जाहिरातींत झळकल्या, आणि त्या साबणाच्या पहिल्या भारतीय तारका ठरल्या. तेव्हां जाहिरात ही केवळ समाजाचा आरसा आहे, आरशास दोष कां द्यावा, असें तिचे कैवारी म्हणतात.

आमचें उत्तर असें कीं, या आरशानें प्रतिबिंबाचा अर्थच बदलून टाकिला. पूर्वीं सांवळ्या मुलीस लोक दुर्दैवी म्हणत. तें अन्यायाचें होतें, क्रूरही होतें. परंतु दैवाचा दोष तिच्या माथीं मारीत नसत. जाहिरातीनें रंगाला दैवाच्या कक्षेंतून काढून प्रयत्नाच्या कक्षेंत आणलें. उपाय दुकानांत आहे, लहान पुडीही मिळते, इतके आठवडे लावावयाचें आहे. मग ज्याचा रंग उजळला नाहीं त्यानें प्रयत्न केला नाहीं, असें सहजच ठरतें. पूर्वींची दुर्दैवी मुलगी आतां निष्काळजी ठरली. आमच्या मतें या भाषेचा सर्वांत मोठा परिणाम हाच होय. मलमानें गोरें होतें असा विश्वास पुष्कळांचा नसेलही. परंतु आपला चेहरा हें अर्धवट राहिलेलें काम आहे आणि तें पुरें करण्याची जबाबदारी आपल्यावर आहे, हा विश्वास मात्र सर्वांनीं मुकाट्यानें स्वीकारला आहे.

पुरुषांचीही यांतून सुटका झाली नाहीं. २००५ सालीं इमामी कंपनीनें ‘फेअर अँड हँडसम’ आणलें, आणि बायकांचें क्रीम चोरून लावणाऱ्या तरुणाची फजिती हाच त्याच्या जाहिरातींचा विषय झाला. एका ग्राहकानें २०१३ सालीं तें ७९ रुपयांस विकत घेतलें आणि गुण न आल्यानें तक्रार केली. दिल्लीच्या जिल्हा ग्राहक मंचानें डिसेंबर २०२४ मध्यें कंपनीविरुद्ध निकाल दिला. त्या प्रकरणांत कंपनीचा बचाव भाषेच्या अभ्यासकास मोठा उद्बोधक वाटेल : नुसत्या क्रीमनें भागत नाहीं, योग्य आहार, व्यायाम, आरोग्यदायी संवयी हींही हवींत, अशा आशयाचा तो होता. वेष्टनावर या अटी नव्हत्या. जाहिरातींतील क्रियापद नेहमीं एकटें असतें. त्याचे ‘जर’ आणि ‘तर’ न्यायालयांत मागाहून येतात.

या भाषेचे पडसाद आम्हांस वर्गांतही ऐकूं येतात. विद्यार्थ्यांस स्वतःचें वर्णन लिहावयास सांगितलें, तर अलीकडे त्यांच्या लेखनांत ‘डल’, ‘टॅन’, ‘डॅमेज’ हे शब्द स्वभावाच्या विशेषणांआधीं येतात. उन्हानें रंग रापतो हें कोंकणपट्टींत कोणास शिकवावें लागत नव्हतें. ‘रापलेला’ या शब्दांत कष्टाचा, मोकळ्या हवेचा, क्वचित् अभिमानाचाही अर्थ होता. त्याच गोष्टीस ‘टॅन’ म्हटलें कीं ती काढून टाकण्याची वस्तु होते. मैदानावर उत्तम धांवणाऱ्या एका विद्यार्थिनीनें दुपारचा सराव सोडला, तेव्हां तिनें दिलेलें कारण या एकाच शब्दाचें होतें. तिला कोणी फसविलें नव्हतें, कोणतीही वस्तु तिच्या गळीं मारली नव्हती. एक शब्द तिच्यापाशीं आला आणि त्यानें तिचें मैदान घेतलें.

व्यंजनेचा हा अंमल जाहिरात नसलेल्या ठिकाणींही चालतो, आणि तेथें तो जिवावर बेततो. २०२३ च्या आरंभीं अकोल्याच्या एका कुटुंबाची हकीकत वृत्तपत्रांत आली. घरांतील तिघींनीं स्थानिक रीत्या तयार झालेलें गोरें करणारें क्रीम वापरलें आणि तिघींच्याही मूत्रपिंडांस विकार जडला, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत झालेल्या तपासणींत त्या क्रीममध्यें पारा आढळला. असेंच दुसरें संकट स्टेरॉइडयुक्त मलमांचें. गोरेपणासाठीं तीं सर्रास चोळलीं जाऊं लागल्यानें २०१८ सालीं केंद्र सरकारनें अशा चौदा मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून करण्यास मनाई केली. अकोल्याच्या त्या डबीस नटी नव्हती, गाणें नव्हतें, फलकही नव्हता. मोठ्या कंपन्यांनीं पन्नास वर्षें पेरलेल्या शब्दांचें पीक कोणी तरी तिसऱ्यानें कापलें. शब्द पेरणारा या विषाचा कर्ता नव्हे, हें न्यायाचें आहे ; परंतु जमीन कोणीं नांगरली, हा प्रश्न उरतोच.

याचा अर्थ नटणें-सजणें वाईट, असा कोणी घेऊं नये. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर जमणारा तरुणांचा मेळा पाहून ज्याचें मन प्रसन्न होत नाहीं, त्यानें सौंदर्याविषयीं लिहूंच नये. अभ्यंग, उटणें, शिकेकाई, मोगऱ्याचा गजरा हीं आमच्या घरांतलीं प्रसाधनेंच होतीं. भेद इतकाच कीं, उटणें लावणाऱ्या आजीनें कोणास तूं सदोष आहेस असें सांगितलें नाहीं. अलंकार हा असलेल्या शोभेंत भर घालतो. दुरुस्ती ही मोडलेल्या वस्तूची करतात. जाहिरातीची भाषा दुरुस्तीची आहे. तिला केस, नखें, ओठ, डोळ्यांखालचा भाग हीं सारीं निरनिराळीं दिसतात, आणि प्रत्येकासाठीं निराळी बाटली असते. माणूस मात्र तिला कोठेंच दिसत नाहीं. नवव्या शतकांत आनंदवर्धनानें ‘ध्वन्यालोका’त काव्यांतील सूचित अर्थास स्त्रीच्या लावण्याची उपमा दिली, ती येथें आठवते : लावण्य हें कोणत्याही एका अवयवांत नसतें, सर्व अवयवांहून तें निराळेंच कांहीं असतें, असा त्याचा आशय आहे. जें अवयवांतच नाहीं, तें पट्टीनें मोजतां येत नाहीं आणि बाटलींत भरतांही येत नाहीं.

मग करावें काय ? फेब्रुवारी २०२० मध्यें केंद्र सरकारनें आक्षेपार्ह जाहिरातींच्या १९५४ च्या कायद्यांत दुरुस्ती सुचविणारा मसुदा प्रसिद्ध केला, आणि त्यांत त्वचेच्या गोरेपणाचा अंतर्भाव होता. अशा निर्बंधांचें आम्ही स्वागतच करूं. परंतु एका शब्दास बंदी झाली कीं दुसरा त्याच्या जागीं कसा येतो, हें वर दिसलेंच आहे. याहून जवळचा उपाय आमच्या शाळांत आहे. महाराष्ट्रांत दहावीच्या मराठीसाठीं ‘जाहिरात लेखन’ अभ्यासाला असतें. ठाण्याकल्याणकडचीं मुलें आकर्षक शब्द, यमक, सवलत यांची जुळणी करून झकास जाहिराती लिहितात व त्यांवर गुणही मिळवितात. जाहिरात लिहिण्याबरोबर ती वाचण्यासही तितकेच गुण ठेवावे. हातीं एक जाहिरात द्यावी आणि तीनच प्रश्न विचारावे : हिनें काय म्हटलें ? काय न म्हणतां सुचविलें ? आणि हें खरें मानलें, तर माझ्याविषयीं मला काय मानावें लागेल ? तिसरा प्रश्न ज्या मुलीला एकदां विचारतां आला, तिनें मग क्रीम लावावें वा न लावावें. तिची निवड तिची स्वतःची असेल.